संयुक्त शोकसभा

ताई सकाळी गेली आणि देशाचे ज्येष्ठ नेते त्याच दिवशी दुपारी. हा क्रम महत्त्वाचा आहे; कारण हा माणूस गेल्याशिवाय आपण हलणार नाही, असं ताई कित्येक वर्षं सांगत आली होती. दोघांची भेट कधीच झाली नव्हती. ते देशाच्या राजकारणात होते आणि ती टीव्हीसमोरच्या खुर्चीत. पण त्यांच्या प्रत्येक भाषणाला तिने त्या खुर्चीतून उत्तर दिलं होतं, आणि तेही बहुतेक वेळा त्यांचं वाक्य पूर्ण होण्याआधी. ती शर्यत ती अगदी थोडक्यात हरली. हरल्याचं तिला कळलं नाही, ही या सगळ्या प्रकरणातली एकमेव दयाळू गोष्ट.

तिच्या धाकट्या भावाला वसाहतीत ‘काटेकोर’ म्हणत. त्यांचं आयुष्य सरकारी प्रयोगशाळेत वजनं आणि मापं तपासण्यात गेलं होतं, आणि हे टोपणनाव म्हणजे आपला गौरव आहे अशी त्यांची समजूत होती. आत्म्याच्या अस्तित्वाचा पुरावा त्यांना कधी मिळाला नव्हता. ताई गेल्याबरोबर तो मिळाल्याचं सोंग करणं त्यांना अप्रामाणिक वाटलं. ताईचंही मत तेच होतं, फक्त ती ते अधिक मोठ्याने सांगत असे. त्यामुळे विधी वगैरे काही झाले नाहीत. पण विधी वगळले की माणसापाशी काही करण्यासारखं उरत नाही, हे काटेकोरांच्या ध्यानात आलं. घरात नुसतं बसून राहावं लागतं.

म्हणून त्यांनी ठरवलं, की वसाहतीच्या हॉलमध्ये चार माणसांनी बसावं आणि कोणीतरी ताईबद्दल, फक्त ताईबद्दल, दोन खरी वाक्यं बोलावीत. स्वतः बोलणं त्यांना शक्य नव्हतं. पितळी वजनाच्या झिजेवर ते तासभर बोलले असते; चारचौघांसमोर ‘माझी’ म्हटलं की ‘बहीण’ हा पुढचा शब्द घशातच राही. दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून ती पुन्हा एकदा ऐकू यावी, एवढंच त्यांना हवं होतं. मागणी माफक होती. काटेकोरांच्या सगळ्याच मागण्या माफक असत. म्हणूनच बहुधा त्या कधी मान्य होत नसत.

“हॉल तुमचाच आहे हो, काका,” वसाहतीचे सेक्रेटरी म्हणाले. “पण राष्ट्रीय दुखवटा आहे. सगळे कार्यक्रम रद्द. मुलांची चित्रकला स्पर्धा रद्द केली. पाण्याची टाकी धुणंसुद्धा पुढे ढकललं.”

“टाकीचा काय संबंध?”

“टाकी धुणारे गाणी लावतात.”

“हा कार्यक्रम नाही,” काटेकोर शांतपणे म्हणाले. “हासुद्धा दुखवटाच आहे.”

“हो, पण राष्ट्रीय नाही ना!”

या युक्तिवादात दोष होता हे नक्की, पण तो नेमका कुठे आहे हे काटेकोरांना जिना चढेपर्यंत सापडलं नाही. जिन्यात समोरच्या वहिनी भेटल्या. घरातल्या घरात करा, त्या म्हणाल्या; मग स्वतःच आठवण करून दिली, की तुमच्या घरात दोन खुर्च्या आहेत आणि त्यातल्या एकीत बसायला कोणी धजणार नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी दुखवटा संपेपर्यंत थांबण्याचा सल्ला दिला. तोवर काय करायचं, असं काटेकोरांनी विचारलं. “तोवर मन आवरायचं,” मुख्याध्यापक म्हणाले आणि दार लावून घेतलं.

खालच्या मजल्यावरच्या वकिलांकडे मात्र काटेकोर गेले नाहीत. वकील ज्येष्ठ नेत्यांचे निस्सीम भक्त. रोज संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला ते वर येत, ताईसमोर बसत आणि दोघांचं असं कडाक्याचं भांडण होई, की एकदा समोरच्या इमारतीतून कोणीतरी पोलिसांना फोन केला होता. पोलीस आले, तेव्हा दोघांनी मिळून पोलिसांना झापलं. ताई गेल्यापासून वकील वर आले नव्हते. येता-जाता दिसत, तेव्हा त्यांच्या बाहीला काळी फीत असे. ती बघून काटेकोरांना वाईट वाटलं. इतक्या वर्षांचा चहा प्यायलेला माणूस, आणि शेवटी फीत लावली ती दूरच्या राजधानीतल्या गृहस्थासाठी.

परवानगी प्रभाग कार्यालयातून मिळेल, असं सेक्रेटरींनी सांगितलं होतं. तिथे खिडकीमागे बसलेला कारकून सज्जन होता, आणि सज्जन कारकुनासारखं घातक काही नसतं. तो नकार देत नाही, मार्ग काढतो.

“दुखवट्याच्या काळात फक्त शोकसभांना परवानगी आहे,” तो म्हणाला.

“मला शोकसभाच हवी आहे.”

“साहेबांची?”

“माझ्या बहिणीची.”

“कोणत्या पदावर होत्या?”

“टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती.”

कारकुनाचा चेहरा पडला. त्याला मनापासून मदत करायची होती. “काका, साहेबांशी काही संबंध? ओळख, परिचय, एखादा कार्यक्रम?”

काटेकोरांना खोटं बोलण्याची सवय नव्हती, आणि खरं बोलताना तपशील गाळण्याचीही नव्हती. “एकदा तिने त्यांचा ट्रंक कॉल जोडून दिला होता,” ते म्हणाले. “त्यांनी आभार मानले नाहीत. ते तिच्या कायम लक्षात राहिलं.”

“म्हणजे संबंध आहे की!” कारकून खुलला. त्याने परवानगीवर ‘दिवंगत नेते व त्यांच्या दिवंगत परिचित यांची संयुक्त शोकसभा’ असं लिहून शिक्काही मारला. “साहेबांचा एक फोटो तेवढा लावा. शेजारी ताईंचा. कोण बघतंय?”

घरी येताना काटेकोर त्या ‘संयुक्त’ शब्दाचा विचार करत राहिले. बेरीज करायची तर दोन्ही राशींचं एकक समान असावं लागतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. एका दुःखासाठी देशभरचे झेंडे अर्ध्यावर आले होते. दुसऱ्याने एका स्वयंपाकघरातला गॅस बंद पडला होता. शिवाय ताईला त्या माणसाच्या शेजारी बसवायचं! मृतांना मत नसतं ही काटेकोरांची शास्त्रीय भूमिका होती आणि ती पक्की होती. ताईला मात्र असेल, असं राहून राहून वाटत होतं.

फलक छापणाऱ्याच्या दुकानात यंत्र अखंड चालू होतं. एका टोकाने ज्येष्ठ नेते आत जात नव्हते, पण दुसऱ्या टोकाने मीटर मीटर बाहेर येत होते. “साहेबांचा पूर्ण भिंतीचा तयार आहे,” तो म्हणाला. काटेकोरांना वहीच्या पानाएवढा फोटो हवा होता. “एवढा लहान साहेबांचा कोणी लावत नाही हो. बरं दिसत नाही. आणि या बाईंचा मोठा करायला सांगू नका. ओळखपत्रावरचा फोटो आहे, मोठा केला की चेहरा फुटतो.” सरतेशेवटी ठरलं ते असं: साहेब भिंतभर, आणि ताई त्यांच्याखाली टेबलावर, लहानशा चौकटीत. चौकटीखाली नाव घालायचं का, असं त्याने विचारलं. काटेकोर म्हणाले, नको. ज्यांना बोलावलं होतं ते सगळे तिला ओळखत होते. त्यांना तिचं नाव सांगणं म्हणजे पट्टीवर ‘पट्टी’ असं लिहिणं. उभ्या आयुष्यात अनावश्यक माहिती टाळणाऱ्या या गृहस्थाला त्या टाळलेल्या एका ओळीने जेवढं छळलं, तेवढं दुसऱ्या कशानेही छळलं नाही.

कारण फलकवाल्याने फलकाच्या खालच्या बाजूला, न विचारता, नगरसेवकांचा हसरा चेहरा छापला होता. तो सगळ्याच फलकांवर छापत असे; तो त्याचा व्यवसायधर्म होता. ‘तुमचा चेहरा अमुक हॉलमध्ये लागतोय’ एवढं त्याने नगरसेवकांच्या माणसाला कळवलं, आणि त्या माणसाने काटेकोरांना फोन केला.

“साहेब येणार आहेत.”

“कोणते?” काटेकोरांनी विचारलं, कारण दिवसभरात साहेब हा शब्द फक्त दिवंगतांना उद्देशून ऐकला होता.

नगरसेवक येणार म्हटल्यावर विरोधी पक्षाचे स्थानिक अध्यक्षही येणार, हे ओघानेच आलं. शोक ही काही एका पक्षाची मक्तेदारी नव्हे, असं त्यांनी कळवलं. कालपर्यंत हॉलला कुलूप लावून बसलेले सेक्रेटरी आता दोनदोन पायऱ्या एकदम उतरत होते. भाड्याच्या खुर्च्या आल्या, माईक आला, पाण्याच्या बाटल्या आल्या. काटेकोरांना स्वागताध्यक्ष नेमण्यात आलं.

“शोकसभेला स्वागताध्यक्ष असतो?”

“मग साहेबांचं स्वागत कोण करणार? आणि काका, चेहरा जरा—” सेक्रेटरी घुटमळले.

“जरा काय?”

“नाही, दुःखी आहे, ते बरोबरच आहे. पण पाहुणे येतील तेव्हा जरा...”

सभेच्या दिवशी हॉल गच्च भरला. बसलेल्यांपैकी निम्म्या चेहऱ्यांना काटेकोर ओळखत नव्हते, आणि उरलेले निम्मे त्यांना ओळखत नव्हते. वहिनींना मागच्या दाराशी उभं राहावं लागलं. वकील शेवटच्या रांगेत, फीत लावून, मान खाली घालून बसले होते. काटेकोर पहिल्या रांगेत होते, पण कडेला; मध्ये नगरसेवकांच्या माणसांसाठी जागा राखलेली होती. भिंतभर पसरलेल्या नेत्यांच्या हनुवटीखाली ताई चौकटीतून सरळ समोर बघत होती. कुठल्याही ओळखपत्रावर असतो तसा तिचा चेहरा होता, म्हणजे छायाचित्रकाराशी नुकतंच भांडण झाल्यासारखा.

दोन मिनिटं स्तब्धता पाळायचं ठरलं. नगरसेवकांचा फोन वाजल्यामुळे ती लवकर संपली. मग नगरसेवक बोलायला उभे राहिले. ज्येष्ठ नेत्यांचं बालपण, संघर्ष, त्याग, देशापुढची आव्हानं असं करत ते टेबलापाशी आले आणि थबकले. फोटो कोणाचा हे त्यांना माहीत नव्हतं. परवानगीवरचा ‘परिचित’ हा शब्द मात्र कोणीतरी त्यांच्या कानात घातलेला होता.

“आणि मित्रहो,” ते खर्जात म्हणाले, “साहेबांच्या चरणांशी आज ज्या विसावल्या आहेत, त्या थोर मायबहिणीला आपण विसरायचं का? पडद्यामागे राहून, एका शब्दाची अपेक्षा न ठेवता जिने साहेबांना साथ दिली!”

टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हे आठवून त्या अर्ध्यात थांबल्या.

विरोधी अध्यक्ष मागे राहणाऱ्यांतले नव्हते. आपण या बाईंना लहानपणी भेटलो आहोत, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या हातचं जेवलो आहोत. तिसऱ्या वक्त्याने तिला साहेबांबरोबर तुरुंगात पाठवलं. चौथा सामाजिक कार्यकर्ता होता; त्याने वसाहतीसमोरच्या रस्त्याला तिचं नाव द्यावं अशी मागणी केली, आणि नाव काय हे विचारण्यासाठी खाली वाकून शेजाऱ्याशी कुजबुजला. शेजाऱ्यालाही माहीत नव्हतं. तरी एका अनोळखी बाईने पदराने डोळे टिपले.

काटेकोरांची अवस्था सांगणं कठीण आहे. ताईची एवढी स्तुती तिच्या हयातीत कधी झाली नव्हती. त्यातलं एकही वाक्य खरं नव्हतं. त्यांच्या विषयाच्या भाषेत बोलायचं तर काटा डौलात फिरत होता, आणि पारड्यात दुसरीच कोणीतरी बसलेली होती. त्यांना एकदा वाटलं, गप्प बसावं. तेवढाच बिचारीला मान. मग वाटलं, अशाने ती सबंधच जाईल. आज इथून बाहेर पडणाऱ्या एवढ्या लोकांच्या डोक्यात तिच्या चेहऱ्याची दुसरीच बाई असेल, आणि तिला ओळखणाऱ्यांपेक्षा ते जास्त आहेत.

ते उठले. सेक्रेटरींना वाटलं, आभार मानायला उठले. त्यांनी घाईने माईक पुढे केला.

“एक दुरुस्ती आहे,” काटेकोर म्हणाले. प्रयोगशाळेतही ते याच वाक्याने सुरुवात करत आणि तिथेही लोक असेच अस्वस्थ होत. “या बाई साहेबांच्या कोणी नव्हत्या. त्या तुरुंगात गेल्या नव्हत्या. साहेब त्यांना अजिबात आवडत नसत. ही माझी—”

पुढचा शब्द नेहमीच्या ठिकाणी अडकला. त्यांनी प्रयत्न केला. माईकमधून फक्त श्वास ऐकू आला.

“बहीण आहे हो त्यांची!” मागच्या दारातून वहिनी ओरडल्या. “ताई! तिसऱ्या मजल्यावरच्या!”

हॉलमध्ये ती शांतता पसरली, जी मघाशी पाळायची होती. नगरसेवक कसलेले होते. विरोधी मताचा आदर हाच लोकशाहीचा प्राण आहे, असं म्हणून त्यांनी ताईच्या चौकटीला नमस्कार केला आणि घड्याळ बघितलं. त्यांना आणखी दोन शोकसभा होत्या. ते उठले तसे त्यांचे लोक उठले, मग अध्यक्ष, मग अध्यक्षांचे लोक. डोळे टिपणारी बाई आपली फसवणूक झाल्यासारखी बघत बाहेर पडली. शेवटी दोघांनी येऊन भिंतीवरचे ज्येष्ठ नेते खिळ्यांवरून उतरवले, सतरंजीसारखे गुंडाळले आणि खांद्यावर टाकून पुढच्या सभेला नेले.

उरली ती रिकामी भिंत, टेबलावर ताई आणि पाच माणसं. काटेकोर, वहिनी, कुलूप लावायचं म्हणून थांबलेले सेक्रेटरी, वायर गुंडाळणारा माईकवाला आणि शेवटच्या रांगेतून न हललेले वकील.

“आता तरी कोणी बोला,” वहिनी म्हणाल्या.

 माईकशिवाय काय बोलायचं, असा प्रश्न पडल्यासारखे सगळे भिंतीकडे बघत राहिले.

“अत्यंत हट्टी बाई,” वकील एकदम म्हणाले.

काटेकोरांनी मान वळवली.

“अत्यंत! मी एकदा मान्य केलं, की बाई, तुमचं बरोबर आहे. निवडणुकीवरून चाललं होतं. तर आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. म्हणे, वकील, तुम्ही माझी कीव करता. अहो, खरंच बरोबर होतं त्यांचं!”

“माझी भांडी परत करताना शेरा मारायच्या,” वहिनी पदर खोचत पुढे आल्या. “एकदा तरी नुसतं छान झालं म्हणावं? नाही. मीठ कमी होतं.”

“कमीच होतं,” काटेकोर म्हणाले. सत्य ते सत्य.

“तुम्ही गप्प बसा, काका! तुम्ही कधी घरात एक शब्द बोललात का?”

सेक्रेटरींनाही राहवेना. “दर सभेत एकच प्रश्न. जिन्यातला दिवा का बंद? दिवा लावला. तर पुढच्या सभेत विचारतात, एवढे दिवस का लावला नव्हता! मी काय उत्तर देऊ?”

माईकवाल्याने वायर खाली ठेवली. “या का त्या?” तो चौकटीजवळ येऊन म्हणाला. “यांनी मला एकदा शिडीवरून खाली उतरवलं होतं. भर समारंभात. पायात चप्पल घाल, मगच वायरीला हात लाव. सगळे हसले मला. दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोला फोन! नंबर कुठून मिळवला देव जाणे.”

“खात्यात ओळखी होत्या,” काटेकोर म्हणाले. त्यांच्या लक्षात आलं, की घसा मोकळा होतो आहे. स्तुती ऐकताना जी कुठेच नव्हती, ती या तक्रारींतून हॉलभर वावरत होती. याला झापत, त्याला अडवत. “वकील,” त्यांनी विचारलं, “ही फीत... साहेबांसाठी ना?”

वकिलांनी बाहीकडे बघितलं. “दोघांसाठी घरात एकच होती,” ते म्हणाले.

 मग काटेकोरांनी चौकट उचलून काखेत धरली आणि, आपल्याही नावावर एक नोंद असावी म्हणून, म्हणाले, “माझीपण तक्रार आहे. तिने मला स्वयंपाकघरातल्या एकाही डब्यावर लेबल लावू दिलं नाही. म्हणायची, हे घर आहे, प्रयोगशाळा नाही. आता मला काही सापडत नाही. रोज सकाळी एकेक डबा उघडून बघत बसतो.”

“मी उद्या येऊन सगळी लेबलं लावून देते,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता.

“नको.” काटेकोर थोडा विचार करून म्हणाले, “झाकणांचा आवाज होतो. घरात तेवढा तरी होतो.”

सेक्रेटरींनी हॉलला कुलूप लावलं आणि कोणी कोणाला न बोलावता सगळे तिसऱ्या मजल्यावर गेले. वहिनींनी गॅस पेटवला. साखर कुठे असेल यावर एकमत होईना. वहिनी म्हणाल्या खिडकीजवळच्या डब्यात. तिथे डाळ निघाली. सेक्रेटरींनी वरच्या फळीचा आग्रह धरला. तिथे जुन्या टेलिफोनचा रिसीव्हर होता, कशासाठी कोण जाणे. माईकवाला स्टुलावर चढला, आणि चढण्याआधी त्याने चप्पल घातली. साखर काही मिळाली नाही. शेवटी तसाच चहा गाळला आणि कपबशा पुरेनात म्हणून दोन पेल्यांतून दिला.

वकील त्यांच्या रोजच्या जागी बसले. समोरची खुर्ची सगळ्यांनी मोकळी ठेवली होती. त्यांनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

“अगदी वाईट चहा,” ते भांडणाच्या ठेवणीतल्या आवाजात, आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले.

सगळे उत्तरासाठी थोडा वेळ थांबले.